हायड्रॉलिक कपलरमध्ये अडकलेला दाब: तो ओळखावा कसा आणि सोडवावा कसा

अवजार ट्रॅक्टरला लावून झाले, खालच्या दोन्ही पिना बसल्या, वरची टॉप लिंक लागली आणि शेवटी फक्त दोन होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, जोडायच्या राहिल्या. पहिली होज एका हाताने कट्‌कन बसते. दुसरी मात्र अर्ध्यावर थांबते आणि तिथून पुढे, अंगातले सगळे बळ लावले तरी, तसूभरही सरकत नाही. अशा वेळी कपलर, म्हणजे होज जिथे ट्रॅक्टरला जोडली जाते तो सांधा, खराब झाला असे समजून माणूस आधी ग्रीस शोधतो आणि नंतर हातोडी. बहुतेक वेळा कपलर धडधाकट असतो. त्याच्या एका बाजूला तेल दाबाखाली कोंडलेले असते, एवढेच. ही अडचण जोडताना दिसत असली तरी ती तयार झालेली असते मागच्या खेपेला अवजार सोडताना किंवा मधल्या काळात ते उन्हात उभे असताना, आणि म्हणूनच तिच्यावरचा उपाय सहसा कपलरपाशी नसतो, तर तेलाला टाकीकडे परत जायला वाट कुठून मिळेल हे शोधण्यात असतो.

आत काय घडते

क्विक कपलरचे दोन भाग असतात. ट्रॅक्टरच्या मागे बसवलेला तो मादी भाग आणि होजच्या टोकाला असलेला तो नर भाग, ज्याला सर्रास निप्पल म्हटले जाते. दोन्ही भागांत आपापली झडप असते. ती कुठे गोटीच्या स्वरूपात असते, तर कुठे टोकदार दांड्याच्या. भाग सुटे असताना स्प्रिंगच्या जोरावर दोन्ही झडपा बंद राहतात आणि तेल बाहेर येत नाही. भाग एकमेकांत घातले की दोन्ही झडपांची टोके समोरासमोर भिडतात, एकमेकींना मागे ढकलतात आणि मधून वाट मोकळी होते. स्प्रिंगचा जोर फार नसतो, त्यामुळे दाब नसलेली होज हाताने सहज बसते.

झडपेच्या मागे दाब असला की हिशेब पार बदलतो. झडप जिथे टेकते त्या बैठकीचा व्यास १२ मिलीमीटर धरला, तर तिचे क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस सेंटीमीटर भरते. मागे १०० बार (बार हे दाबाचे एकक) दाब असेल, तर ती झडप उघडण्यासाठी जवळपास ११५ किलो वजनाइतका जोर लावावा लागतो, आणि तोही वाकून, तेलकट हातांनी, एका बोटाने मादी भागाची कडी, म्हणजे त्यावरची सरकती रिंग, मागे ओढून धरलेली असताना. दाब ५० बार असला तरी ५७ किलो होतात. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा कामाचा दाब साधारणपणे १५० ते २०० बारच्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे अडकलेल्या दाबाशी हातांनी कुस्ती खेळण्यात अर्थ का नाही ते कळते.

यात एक फसवी अवस्थाही असते. दाब फक्त निप्पलमध्ये असेल, तर काही कपलरांत निप्पलची झडप जागची हलत नाही, पण मादी भागाची झडप मात्र पूर्ण मागे जाते आणि कडी लागल्यासारखा आवाज येतो. होज बसली असे वाटते, पण वाट उघडलेली नसते. या अवस्थेतले धोके पुढे वेगळे सांगितले आहेत.

दाब येतो कुठून

पहिला आणि सर्वांत सामान्य स्रोत म्हणजे वजन. अवजार किंवा त्याचा एखादा भाग उचललेला असतानाच होज काढली, तर त्या भागाचे सगळे वजन सिलिंडरमधल्या, म्हणजे आपण ज्याला जॅक म्हणतो त्यातल्या, तेलावर येते. वजन आहे तोवर तो दाबही तिथेच राहतो. रात्र उलटली म्हणून तो ओसरत नाही.

दुसरा स्रोत ट्रॅक्टरच्या बाजूला असतो. कंट्रोल लिव्हरखालच्या व्हॉल्व्हमध्ये स्पूल नावाचा दांडा पुढेमागे सरकत असतो, आणि तो सरकण्यासाठी त्याच्याभोवती अतिशय बारीक फट ठेवावीच लागते. इंजिन चालू असताना पंपाकडचे तेल त्या फटीतून थोडे थोडे झिरपते आणि बंद पडलेल्या पोर्टमध्ये, म्हणजे होज जोडायच्या तोंडात, साठून तिथला दाब वाढवत राहते. म्हणूनच इंजिन चालू ठेवून होज जोडायला गेलेल्या माणसाला कधी कधी मोकळी होजही बसवता येत नाही.

तिसरा स्रोत ऊन. सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकतो तो हाच, कारण अवजार नीट जमिनीवर टेकवून, दाब सोडून, सगळे नियम पाळून होज काढलेली असते आणि तरीही आठ दिवसांनी ती बसत नाही. तेल तापले की फुगते. पूर्ण बंद आणि जराही न ताणणाऱ्या भांड्यात तेल कोंडले आणि ते १ अंश सेल्सिअसने तापले, तर आतला दाब साधारण १० बारने वाढतो. सकाळी गारव्यात सोडलेले अवजार दुपारी २० अंशांनी जास्त तापले, तर कागदावरचा हिशेब २०० बारपर्यंत जातो. प्रत्यक्षात रबरी होज थोडी फुगते, सिलिंडरचे सील किंचित दबते, त्यामुळे इतका दाब चढत नाही. पण होज बसू न देण्याइतका तो नक्की चढतो. काळ्या रंगाच्या होज उन्हात पसरलेल्या असतील, तर काही विचारायलाच नको.

याखेरीज चालत्या कामात होज ताणली जाऊन कपलरमधून आपोआप सुटण्याचा प्रकार होतो. असे सुटणे हे कपलरचे कामच आहे, कारण त्यामुळे होज फाटत नाही. मात्र त्या क्षणी होजमध्ये जो दाब असेल तो तसाच्या तसा निप्पलमागे बंद होतो.

दाब कोणत्या बाजूला आहे

उपाय करण्याआधी हे ठरवणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी कशालाही टोचण्याची किंवा ठोकण्याची गरज नसते. इंजिन बंद करावे आणि न बसणारी होज ट्रॅक्टरच्या दुसऱ्या, मोकळ्या पोर्टमध्ये घालून पाहावी. ती तिथेही बसत नसेल, तर दाब बहुधा होजच्या बाजूला, म्हणजे अवजारात आहे. मग उलट तपासणी करावी: जी होज मोकळी आहे हे ठाऊक आहे अशी दुसऱ्या अवजाराची होज घेऊन ती अडलेल्या पोर्टमध्ये घालावी. तीही अडत असेल, तर ट्रॅक्टरच्या बाजूलाही दाब आहे. दोन्ही बाजूंना दाब असणे मुळीच दुर्मीळ नाही. ही तपासणी केवळ बसते की नाही हे पाहण्यापुरती असते; होज चुकीच्या पोर्टमध्ये असताना लिव्हर हलवू नये.

याच वेळी दाबाचा संबंध नसलेली कारणेही वगळून घ्यावीत. कपलरचे नमुने वेगवेगळे असतात. शेतीच्या ट्रॅक्टरवर सर्रास आढळणारा नमुना आयएसओ ७२४१ मालिका ए आणि आयएसओ ५६७५ या मानकांशी जुळणारा असतो. त्याच मानकाच्या मालिका बी चा निप्पल त्यात बसत नाही, आणि लोडरसारख्या यंत्रांवर दिसणारा सपाट तोंडाचा, आयएसओ १६०२८ नमुन्याचा निप्पल तर दिसायलाच वेगळा असतो. मादी भागाच्या कडीखाली माती भरलेली असणे, आतल्या छोट्या गोट्या गंजून अडकणे, निप्पलच्या खाचेला कुठे तरी ठोका बसून कड वर आलेली असणे, हीही कारणे असू शकतात. कडी हाताने मागेपुढे करून ती मोकळी सरकते का आणि स्प्रिंगने परत येते का, एवढे पाहिले तरी यातले निम्मे प्रश्न सुटतात.

ट्रॅक्टरच्या बाजूचा दाब सोडणे

हे काम सोपे आहे. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, हँडब्रेक लावून, तीन बिंदूंच्या लिफ्टवर असलेले अवजार जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. नंतर ज्या पोर्टचा प्रश्न आहे त्याची लिव्हर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीन-चार वेळा, सावकाश आणि प्रत्येक टोकाला क्षणभर थांबून हलवावी, आणि शेवटी न्यूट्रलला आणावी. लिव्हर दोन्ही टोकांना नेण्याला कारण आहे. प्रत्येक लिव्हरला दोन पोर्ट असतात. लिव्हर एका बाजूला नेली की एक पोर्ट पंपाला आणि दुसरा टाकीला जोडला जातो. उलट बाजूला नेली की अदलाबदल होते. पंप बंद असल्याने नवा दाब येत नाही आणि टाकीला जोडलेल्या पोर्टमधला दाब निघून जातो. लिव्हर एकाच बाजूला हलवली, तर एकच पोर्ट मोकळा होतो आणि नेमकी दुसरी होज अडते.

लिव्हरला फ्लोट अवस्था असेल, तर ती सर्वांत उत्तम, कारण तिच्यात दोन्ही पोर्ट एकाच वेळी टाकीला जोडलेले असतात. ज्या ट्रॅक्टरांच्या व्हॉल्व्हमध्ये अवजार आपोआप खाली येऊ नये म्हणून रोधक झडप बसवलेली असते, त्यांत इंजिन बंद झाल्यावर ती झडप उघडायला दाबच उरत नाही. तिथे इंजिन मंद गतीवर असतानाच लिव्हर फ्लोटला न्यावी आणि त्याच अवस्थेत इंजिन बंद करावे. विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या ट्रॅक्टरांत बटण किंवा छोटी लिव्हर हलवून काहीही होत नाही, जोवर चावी चालू स्थितीत नसते. काही ट्रॅक्टरांना दाब सोडण्यासाठी स्वतंत्र क्रम दिलेला असतो आणि तो त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकातूनच पाहावा लागतो. काही ट्रॅक्टरांवर मादी कपलरच्या शेजारी एक छोटी आडवी दांडी असते. ती फिरवली की आतली झडप बैठकीवरून थोडी उचलली जाते आणि दाब सुटतो. कित्येकांना ती दांडी कशासाठी आहे हे वर्षानुवर्षे माहीत नसते, कारण ती मातीने जाम झालेली असते.

अवजाराच्या बाजूचा दाब सोडणे

इथे जास्त विचार करावा लागतो, कारण दाबामागे वजन आहे की फक्त ऊन, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. म्हणून पहिला प्रश्न एकच: सिलिंडरवर कसले वजन आले आहे का? पलटी नांगर उभ्या अवस्थेत ठेवला असेल, घडीच्या अवजाराचे पंख वर असतील, ट्रॉलीचा हौदा उचललेला असेल किंवा लोडरचे बकेट हवेत असेल, तर तो दाब वजनाचा आहे असे समजूनच चालावे. असे वजन आधी जमिनीवर, स्टँडवर किंवा त्यासाठी दिलेल्या लोखंडी पिनेवर आणावे. ते तसे आणता येत नसेल, तर दाब सोडण्याचा कोणताही प्रयत्न करू नये, कारण तेल निघाले की वजन खाली येणार हे ठरलेले आहे. उचललेल्या हौद्याखाली, पंखाखाली किंवा बकेटखाली हात, डोके किंवा माणूस असता कामा नये, मग दाब कितीही थोडा वाटो.

वजन नसेल आणि कारण ऊन असेल, तर सर्वांत साधा उपाय थंडाव्याचा आहे. होज आणि सिलिंडर सावलीत घ्यावेत, त्यांवर ओले पोते टाकावे किंवा पाणी ओतावे आणि अर्धा-पाऊण तास थांबावे. १ अंशाला १० बार हा हिशेब उलट दिशेनेही तितकाच लागू पडतो. तेल पाच-सहा अंशांनी निवले तरी होज बसण्याजोगी होऊ शकते. घाई नसेल, तर दुसऱ्या दिवशी पहाटे हेच काम हाताने होते. हा उपाय इतका साधा आहे की तो कुणाला खरा वाटत नाही. मला स्वतःला तो पटायला बराच काळ गेला.

थांबणे शक्य नसेल, तर निप्पलसाठी मिळणारे दाब सोडण्याचे साधन वापरावे. निप्पलच्या खाचेत अडकणारा एक छोटा धातूचा तुकडा आणि त्याच्या मधोमध स्क्रूने पुढे सरकणारी पिन, अशी त्याची रचना असते. साधन निप्पलवर बसवून स्क्रू हळूहळू फिरवला की पिन झडपेला सरळ रेषेत मागे दाबते आणि तेल साधनाच्या आत, किंवा त्याला नळी असेल तर डब्यात, उतरते. स्क्रूमुळे शंभर किलोंचा जोर दोन बोटांनी लावता येतो आणि तो केव्हाही थांबवता येतो, हे यातले मर्म आहे. अशा साधनाचे तोंड स्वतःपासून आणि इतरांपासून दूर ठेवावे, त्यावर जाड कापड टाकावे आणि डोळ्यांना चष्मा लावावा.

नट सैल करणे

साधन नसेल, तर शेवटचा मार्ग म्हणून होजच्या दुसऱ्या टोकाचा, म्हणजे अवजारावरच्या लोखंडी पाइपला जिथे होज जोडलेली असते तिथला, नट किंचित सैल करून दाब सोडता येतो. हे काम पुढील अटींवरच करावे: इंजिन बंद आहे, सगळे वजन जमिनीवर किंवा पिनेवर आहे, आणि ज्या नटाला हात लावायचा तो होजच्या रांगेतला आहे, सिलिंडरला किंवा लॉक व्हॉल्व्हला (सिलिंडर जागेवर रोखून धरणाऱ्या झडपेला) चिकटून असलेला नाही. नायट्रोजन भरलेला अक्युम्युलेटर (तेलाचा दाब साठवून ठेवणारे भांडे) अवजारावर किंवा लोडरवर असेल, तर हा मार्ग सोडून द्यावा. तिथे इंजिन बंद असले, वजन टेकलेले असले, तरी वायू तेलाला ढकलतच राहतो.

दोन पान्हे घ्यावेत, एकाने पाइपकडची बाजू धरावी आणि दुसऱ्याने नट सोडावा, नाही तर पाइप पिळवटतो. नटावर जाड कापड किंवा रबरी चटईचा तुकडा टाकावा, शरीर एका बाजूला ठेवावे आणि नट अगदी थोडा, म्हणजे पान्ह्याची दांडी जेमतेम हलेल इतकाच फिरवावा. कापडाच्या कडेला तेल पाझरताना दिसले की हात थांबवावा. नट आणखी सोडू नये. तेलाला वाट मिळालेली आहे.

आता किती तेल येते याकडे लक्ष द्यावे. तेल दाबले तरी फारच थोडे आकसते: १ लिटर तेलावर १०० बार दाब दिला तर ते जेमतेम ६ ते ७ मिलीलिटरने कमी होते. होजचा फुगवटा धरला तरी कोंडलेला दाब पूर्ण उतरायला साधारण पळी-दोन पळी तेल बाहेर पडणे पुरेसे असते. एवढे तेल येऊन धार आपोआप थांबली, तर काम झाले. नट घट्ट करावा, पुसावा आणि होज जोडावी. पण धार थांबत नसेल आणि एकाच जोराने येत राहिली असेल, तर तेलामागे वजन किंवा वायू आहे आणि आपला आधीचा अंदाज चुकला आहे. तशा वेळी नट ताबडतोब आवळावा, अवजारापासून दूर व्हावे आणि वजन कुठे अडकले आहे ते नव्याने पाहावे.

इथेच लॉक व्हॉल्व्हविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. बऱ्याच अवजारांच्या सिलिंडरवरच अशी झडप बसवलेली असते की होज फुटली तरी सिलिंडर जागेवर राहावा. अशा अवजारात होजमधला दाब सोडला, होज मऊ पडली, तरी लॉक व्हॉल्व्हच्या पलीकडे सिलिंडरमध्ये पूर्ण दाब शिल्लक असतो. होज सैल झाली म्हणजे जॅक सैल झाला असे मुळीच नव्हे. म्हणून होज बसत नाही या कारणासाठी सिलिंडरवरचा कोणताही नट उघडू नये.

हातोडी आणि सुई

निप्पलचे टोक दगडावर किंवा ट्रॉलीच्या चेसिसवर धरून हातोडीने ठोकण्याची पद्धत सगळीकडे चालते आणि बहुतेक वेळा तिने काम होतेही. म्हणूनच ती टिकून आहे. मीही एकदा तसे केले आहे. निप्पल लाकडाच्या ओंडक्यावर उलटा धरून, झडपेच्या टोकावर जुना बोल्ट ठेवून दोन ठोके दिले. पहिल्या ठोक्याला काही झाले नाही. दुसऱ्याला फस्‌ असा आवाज झाला आणि तेल धारेसारखे न येता धुक्यासारखे उडाले. शर्टावर, चष्म्याच्या काचांवर आणि ओंडक्यापासून हातभर लांब ठेवलेल्या पाण्याच्या बाटलीवर त्याचा एकसारखा बारीक थर बसला. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. होज तेव्हा बसली, पण झडपेचे टोक चपटे होऊन त्याची कड बाहेर आली होती, आणि त्या दिवसापासून तो निप्पल सुटा असताना थेंब थेंब गळू लागला. ती कड घासून निघालेला धातूचा कीस कुठे गेला असेल, याचे उत्तर एकच आहे: ट्रॅक्टरच्या तेलात.

झडप बिघडणे हा त्यातला लहान तोटा आहे. बारीक छिद्रातून उडणारी दाबाची धार कातडी भेदून आत शिरू शकते, आणि त्यासाठी पूर्ण कामाचा दाब लागत नाही. सुमारे ७ बार दाबाची बारीक धारही कातडी भेदू शकते असे सुरक्षिततेच्या सूचनांमध्ये सांगितलेले असते. जखम दिसते सुई टोचल्यासारखी, रक्त जवळपास येत नाही आणि सुरुवातीला फारसे दुखतही नाही. याच कारणाने माणूस हात पुसून कामाला लागतो, आणि आत शिरलेले तेल काही तासांत बोटाच्या आणि तळहाताच्या पेशी नासवू लागते. अशी शंका जरी आली तरी सूज येण्याची वाट न पाहता लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे, आणि साधी जखम न म्हणता ‘दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत शिरले आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. तेलाच्या डब्यावरचे नाव सोबत न्यावे. हातमोजे तेलाच्या उष्णतेपासून वाचवतात, या धारेपासून वाचवत नाहीत. गळती शोधायची असेल तेव्हा होजवरून बोट कधीही फिरवू नये. पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा तुकडा फिरवावा.

एकच होज जोडून काम करू नये

एक होज बसली आणि दुसरी बसत नाही, तेव्हा बसलेल्या होजमधून तेल देऊन सिलिंडर थोडा हलवावा, म्हणजे दुसरीकडचा दाब कमी होईल, असा विचार अनेकांच्या मनात येतो. दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या सिलिंडरमध्ये परिणाम याच्या नेमका उलट होतो. ८० मिलीमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ५० मिलीमीटरचा दांडा असेल, तर पिस्टनच्या मागच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे ५० आणि दांड्याच्या बाजूचे सुमारे ३१ चौरस सेंटीमीटर असते. मागून १८० बारने तेल दिले आणि दांड्याच्या बाजूची होज बंद असली, तर पिस्टन हलू शकत नाही, पण दांड्याच्या बाजूचा दाब मात्र त्या प्रमाणात वाढून सुमारे २९५ बारपर्यंत जातो. ट्रॅक्टरची रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब मर्यादेबाहेर गेला की तेल सोडून देणारी झडप, यातून वाचवत नाही, कारण बंद बाजू तिला जोडलेलीच नसते. होज फुटणे, सिलिंडरचे सील जाणे किंवा होजचा क्रिंप (टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) सुटणे, यांपैकी काहीही होऊ शकते.

वर सांगितलेली फसवी अवस्था, म्हणजे कडी लागली पण झडप उघडली नाही, हीसुद्धा एकच होज जोडल्यासारखीच असते. तिची खूण अशी की सिलिंडर अजिबात हलत नाही आणि इंजिनावर मात्र ताण आल्याचा आवाज येतो, किंवा ट्रॉलीचा हौदा वर जातो आणि खाली येत नाही. हौदा वर अडकला असेल, तर आधी त्याला पक्का टेकू द्यावा, मगच मागे जाऊन होज पाहावी. एरवी लिव्हर न्यूट्रलला आणून, इंजिन बंद करून, पुन्हा पहिल्यापासून दाब सोडावा आणि होज काढून नव्याने बसवावी. होज जोडल्यावर ती एकदा मागे ओढून पाहण्याची आणि पहिल्यांदा इंजिन मंद गतीवर ठेवून सिलिंडर सावकाश दोन्ही टोकांपर्यंत नेण्याची सवय असली, म्हणजे ही चूक सुरुवातीलाच सापडते.

अवजार सोडताना

खरे काम इथे आहे आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत. अवजार ज्या अवस्थेत उभे राहणार आहे त्या अवस्थेत आणावे, स्टँड आणि पिना लावाव्यात, मग लिव्हर किंचित खाली करून सगळे वजन सिलिंडरवरून स्टँडवर किंवा पिनेवर उतरू द्यावे. पिन मोकळी हलत असेल, तर वजन अजून तेलावर आहे. त्यानंतर ट्रॅक्टरच्या प्रकाराप्रमाणे फ्लोट देऊन किंवा इंजिन बंद करून लिव्हर दोन्ही टोकांना तीन-चार वेळा न्यावी आणि अर्धा मिनिट थांबून मगच होज काढावी. कडी मागे ओढल्यावर होज स्वतःहून सुटली पाहिजे. ती ओढावी लागत असेल किंवा सुटताना हिसका देत असेल, तर दाब शिल्लक आहे. तशीच काढण्यापेक्षा लिव्हर पुन्हा हलवावी, कारण आत्ता ओढून काढलेली होज पुढच्या वेळी बसणार नाही.

काढलेल्या होज निप्पलवर टोपी घालून, अवजाराच्या सावलीच्या बाजूला, टोके वर राहतील अशा टांगाव्यात. टोपी फक्त धूळ अडवते, दाब अडवत नाही. होज जोडण्याआधी निप्पल आणि मादी भाग दोन्ही स्वच्छ कापडाने पुसावेत. ज्या कापडाचे धागे सुटतात ते वापरू नये. एका लिव्हरच्या दोन होजना एकाच रंगाच्या पट्ट्या बांधून त्यांपैकी एकीला दोन पट्ट्या केल्या, तर पुढच्या वेळी कोणती कुठे हे शोधत बसावे लागत नाही आणि चुकीच्या पोर्टमध्ये होज घालून गोंधळही होत नाही.

जे अवजार दिवसातून अनेकदा जोडावे-सोडावे लागते किंवा ज्याला उन्हात उभे राहण्याशिवाय पर्याय नाही, त्याच्यासाठी दाबाखालीही जोडता येणारे कपलर घेणे सोयीचे पडते. त्यांत मुख्य झडपेच्या आत एक फार लहान झडप असते. लहान झडपेचे क्षेत्रफळ कमी असल्याने ती थोड्या जोराने उघडते, दोन्हीकडचा दाब समान होतो आणि मग मुख्य झडप सहज सरकते. घेताना मात्र एक गोष्ट विचारून घ्यावी: दाब फक्त निप्पलच्या बाजूला असताना तो जोडता येतो, की दोन्ही बाजूंना असतानाही. दोन्ही प्रकार बाजारात असतात, ते बाहेरून सारखेच दिसतात आणि ट्रॅक्टरच्या पोर्टमध्येही दाब साठत असेल, तर पहिल्या प्रकाराचा उपयोग होत नाही. नवा निप्पल बसवताना जुन्या होजच्या चुड्या तपासून घ्याव्यात, आणि दाब सोडताना पळीभर का होईना तेल गेलेले असते, म्हणून त्या दिवशी काम संपल्यावर ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, सगळे सिलिंडर आत घेऊन डिपस्टिकवर तेलाची पातळी पाहावी.